चाळीस गुंठ्यांचा कारभार

धाराशिव, लातूर आणि त्यांना लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतून गेल्या दहा-पंधरा वर्षांत हजारो स्त्रियांनी आपापल्या घरच्या कर्त्या पुरुषांपुढे एक मागणी ठेवली. वरकरणी ती अगदी माफक आहे: घरच्या जमिनीपैकी अर्धा एकर, फार तर एक एकर आमच्या स्वाधीन करावी, आणि त्या तुकड्यात कोणते पीक घ्यावे, बी कोठून आणावे, खत कोणते घालावे, निघालेल्या मालापैकी घरात किती ठेवावा आणि बाजारात किती न्यावा, हे ठरविण्याची मुखत्यारी आम्हांस असावी. जमिनीची मालकी त्यांनी मागितली नाही; सात-बाऱ्यावर नाव लावा, असेही त्या प्रथम म्हणाल्या नाहीत. परंतु ज्या घरात सून पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत शेतात राबते, खुरपते, वेचते, मळते, आणि तरीही पेरणीच्या मसलतीत तिला कोणी विचारीत नाही, त्या घरात एवढा अधिकार मागणे हेही धाडसच होते. आणि गावातल्याच काही स्त्रिया पाठीशी उभ्या राहिल्या नसत्या, तर ते एकट्या-दुकट्या बाईच्या हातून घडले नसते.

या लेखाचा विषय त्या पाठीशी उभ्या राहिलेल्या स्त्रिया हा आहे. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून पुढे आलेल्या या कार्यकर्त्या ‘संवाद सहाय्यक’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांच्यापाशी कृषी पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही, कोणास हुकूम करण्याचा अखत्यार नाही. बहुतेकींचे शालेय शिक्षणही अर्ध्यावर सुटलेले. हवामान बदलाशी सामना करण्याच्या ज्या योजना राजधान्यांतून आखल्या जातात, त्यांचा गावाच्या शिवारातला शेवटचा आणि सर्वांत कठीण टप्पा या बायका आपला वेळ खर्चून पार पाडीत आहेत, आणि तो त्या कसा पार पाडतात हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम त्या प्रदेशाविषयी. मराठवाडा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मुलूख. मृगात पेरावे, आर्द्रा-पुनर्वसूत पिकाने जोर धरावा, हस्ताच्या पावसावर रब्बीची ओल साठवावी, असा येथील शेतकऱ्याचा पिढीजात हिशेब. अवर्षण या मुलखास नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून गावोगाव आहेत. नवे आहे ते पावसाचे वर्तन. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पाहून तिफण धरावी, तो पुढे तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो आणि कोंब जमिनीतच करपतात. पुन्हा कर्ज काढून दुबार पेरणी करावी, तर काढणीस आलेल्या पिकावर ऐन शेवटी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात तेथील मोसमी पावसाचे एकूण मान मात्र घटले. मराठवाडा या पट्ट्याच्या दक्षिण कडेस येतो. कारण भौतिकशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातले आहे: हवा एक अंश तापली, की बाष्प धारण करण्याची तिची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, तापलेल्या अरबी समुद्रावरून ओल घेऊन येणारे वारे ती ओल अनियमितपणे, एकदम आणि मुसळधार ओततात, आणि मधले दिवस कोरडे जातात.

याची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. २०१२ पासूनच्या चार-पाच वर्षांत या भागाने दुष्काळामागून दुष्काळ सोसला. त्यातच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उभ्या गव्हावर, हरभऱ्यावर आणि द्राक्षबागांवर गारांचा मारा झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात नद्यांचे पाणी शेतांवरून असे धावले, की कित्येक ठिकाणी पिकासह वरची माती खरवडून गेली. एकाच पिढीच्या एकाच शेतकऱ्याने हे दोन्ही पाहिले.

हवामानाचा हा आघात अधिक जिव्हारी लागला, याचे कारण ज्या शेतीवर तो झाला ती शेती स्वतःच मधल्या काळात बदलून गेली होती. पूर्वीच्या ज्वारीच्या रानात ज्वारी एकटी नसे; तुरीच्या ओळी असत, मूग-उडीद असत, बांधाकडेला अंबाडी, तीळ, कारळे असत, आणि या इरवडीच्या पिकांवर घरच्या बाईची नजर असे, कारण वर्षाची डाळ, फोडणीचे तेल आणि दोरखंडाचा वाख त्यातूनच निघे. ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, लातूरच्या बाजारात त्याचा रोख पैसा होतो, मुलांच्या फीला आणि दवाखान्याला तो उपयोगी पडतो. तेव्हा शेतकऱ्याने ते पेरले यात त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. पण परिणामांची साखळी पाहावी. सोयाबीनला कडबा नाही. कडबा नाही म्हणून दावणीची जनावरे कमी झाली. जनावरे कमी झाली म्हणून शेणखत आटले. शेणखत आटले म्हणून जमिनीतला सेंद्रिय अंश घटला, आणि ज्या जमिनीत सेंद्रिय अंश नाही ती पावसाची ओल धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे पूर्वी तीन आठवड्यांचा खंड सोसणारे रान आता दहा दिवसांत माना टाकते. शिवाय सगळे शिवार एकाच पिकाचे असल्यामुळे काढणीच्या वेळी पाऊस आला तर सगळ्यांचे सगळेच जाते. आणि या अवघ्या फेरबदलात आणखी एक गोष्ट झाली, जिची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही: पीक खाण्याचे न राहता विकण्याचे झाले, तसा बाईचा त्यावरचा उरलासुरला अधिकारही संपला. डाळ आणि भाजी ती आता दुकानातून, नवऱ्याकडे पैसे मागून आणू लागली.

संवाद सहाय्यक ही मंडळी कोठून आली, हे सांगण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकते झोपले असता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आठ-दहा हजार माणसे गेली, दगड-मातीची घरे क्षणात थडगी झाली. पुनर्वसनाच्या प्रचंड कार्यक्रमात काही गावे नव्या जागी वसविण्यात आली, पण त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त आणि बळकट करावयाची होती, आणि त्यासाठी शासनाने घरधन्यास हप्त्याहप्त्याने मदत देण्याचे ठरविले. हप्ता केव्हा मिळणार, भिंतीत पोलादी पट्टी कोठे घालावयाची, अभियंता कधी येणार, तक्रार कोणाकडे नोंदवावयाची, हे गावकऱ्यांस कळावे आणि गावकऱ्यांचे म्हणणे मामलेदार कचेरीस कळावे, यासाठी मध्यस्थ हवा होता. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोगाने असा आग्रह धरला, की हे काम गावातल्या महिला मंडळांकडे सोपवावे. शासनाने तो मानला. शेकडो गावांत, डोक्यावरचा पदर खाली न येऊ देणाऱ्या बायका हातात वही घेऊन घरोघर फिरू लागल्या, अभियंत्यांशी बोलू लागल्या, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब विचारू लागल्या. ‘संवाद सहाय्यक’ हे नाव त्या वेळचे.

आपत्ती ओसरल्यावर असे मंडळ बहुधा विरून जाते. येथे ते टिकले, बचत गटांत रूपांतरित झाले, आणि पुढे २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर व २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर याच लातूर-धाराशिवकडच्या बायका तेथील स्त्रियांशी बोलावयास गेल्या. ज्यांची भाषा येत नाही अशा बाईला, तू एकटी नाहीस आणि घर कसे उभे राहते ते आम्ही पाहिले आहे, असे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही अहवालात नसते. मला वाटते, या चळवळीचे पुढचे सारे यश या काळात कमावलेल्या एका सवयीत आहे: संकट म्हणजे आपल्यावर कोसळलेली आणि दुसऱ्याने निवारावयाची गोष्ट, असे न मानता, त्यात आपल्याला विचारले गेलेच पाहिजे, हा हट्ट धरण्याची सवय. हळूहळू येणाऱ्या दुष्काळासही त्यांनी पुढे हाच न्याय लावला.

आता त्या एकराकडे वळू. एकर म्हणजे चाळीस गुंठे. कर्ता पुरुष जमीन द्यावयास राजी झाला, तरी पहिल्या वर्षी तो बहुधा उताराचा, मुरमाड, बरड तुकडा देतो. चांगल्या काळ्या रानात बायकोला प्रयोग करू देण्याची त्याची तयारी नसते. या तुकड्यात एका पिकाऐवजी पंधरा-वीस पिके घ्यावयाची: मध्ये ज्वारी किंवा बाजरी, ओळींत तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा, कडेने मका आणि झेंडू, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्याजवळ मेथी, शेपू, चुका, गवार, भेंडी, वांगी, बांधावर दोडका, कारले आणि शेवग्याचे एखादे झाड. पाहणाऱ्यास हा गोंधळ वाटतो, पण यामागे पक्का विचार आहे. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येतो आणि तूर सहा महिने घेते, तेव्हा एकाच पावसाच्या खंडाने दोन्ही जात नाहीत. तुरीचे सोटमूळ खोल जाऊन ज्या थरातली ओल पिते, तेथवर ज्वारीची तंतुमुळे पोचत नाहीत. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, त्यामुळे युरियाची गोणी कमी लागते. झेंडूमुळे सूत्रकृमींस आळा बसतो आणि मक्यावर बसणारे पक्षी अळ्या टिपतात. ज्वारी-बाजरीचा कडबा-सरमाड एखाद्या गाईला वा दोन शेळ्यांना पुरतो आणि त्यांचे शेण-मूत्र पुन्हा जीवामृत होऊन त्याच रानात जाते. पेरणी उताराला आडवी, वाळलेल्या पाल्याचे आच्छादन, पाणी असलेच तर ठिबक वा तुषार संचाने. बी शक्यतो घरचे, राखेत घोळून मडक्यात राखलेले.

पुस्तकी भाषेत यास हवामान-अनुकूल शेती म्हणतात. त्या शेतकरी स्त्रिया तसे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, घरचं खायला होतं, आणि उरलेलं आठवडी बाजारात जातं. ही मांडणीच मला फार महत्त्वाची वाटते. आधी घराची गरज, मग बाजार, असा क्रम लावला की पिकांची निवड आपोआप बदलते, कारण घराला एकच वस्तू शंभर किलो लागत नसून शंभर वस्तू थोड्या थोड्या लागतात. आणि विविधता हेच लहरी हवामानापुढचे कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्वांत जुने संरक्षण आहे. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार उठले, गाड्या थांबल्या, तेव्हा ज्यांच्या रानात पालेभाजी आणि घरात डाळ होती त्यांना दुकानाच्या दाराशी उभे राहावे लागले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे इक्वेटर पारितोषिक २०१६ साली या कामास मिळाले. ज्या वर्षी लातूरला पाण्याची आगगाडी आली, त्याच वर्षी.

हे सारे वाचून, चांगले आहे, मग सगळ्यांनीच का केले नाही, असा प्रश्न मनात येईल. आणि येथेच संवाद सहाय्यकाचे खरे काम सुरू होते. तंत्र सांगणारे पत्रक छापता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाणते लोक आहेत, ते प्रशिक्षण देतात. पण ज्ञान दारापर्यंत आले म्हणून उंबरठा ओलांडून आत शिरते असे नाही. आत सासू आहे, तिला आपल्या हयातीत सुनेने वेगळे रान पाहिले हे गावाला काय दिसेल याची काळजी आहे. दीर आहे, त्याला ही वाटणीची सुरुवात वाटते. नवरा आहे, त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि एक एकर सोयाबीनचे रोख उत्पन्न सोडणे त्यास परवडत नाही. संवाद सहाय्यक पहिल्या भेटीत शेतीचा विषयही काढीत नाही. ती चहा घेते, सासूच्या गुडघ्यांची चौकशी करते, बचत गटाच्या हप्त्याचे बोलते. पुढल्या भेटीत, वर्षभरात डाळ-तेल-भाजीवर किती गेले, एवढा एकच हिशेब ती घरच्यांसमोर मांडावयास सांगते, आणि आकडे पाहून घरातले पुरुषच गप्प होतात. मग ती म्हणते, माझ्या रानात या, बघा.

‘माझ्या रानात या’ हे म्हणता येणे हीच तिची पात्रता. जिने स्वतःच्या वीस-चाळीस गुंठ्यांत दोन हंगाम काढले नाहीत तिचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. तिचे वाळलेले पीकही लोकांनी पाहिलेले असते. एखाद्या वर्षी पाऊस आलाच नाही तर तिची मेथीही करपते, आणि त्या वेळी ती काय करते, याकडे साऱ्या गटाचे लक्ष असते. कृषी साहाय्यक बदलून जातो. ही गावातच राहते, आणि आपण दिलेल्या सल्ल्याच्या परिणामांसह राहते. नेतृत्वाची यापेक्षा कडक कसोटी मला ठाऊक नाही.

तिच्या कामाचा आणखी एक भाग बाहेरच्या माणसास दिसत नाही. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा भरली की नाही, रोजगार हमीतून शेततळे किंवा गांडूळखताचा हौद मंजूर होण्यासाठी कोणता ठराव हवा, पंचायत समितीत कोणत्या टेबलावर अर्ज अडला आहे, ठिबकच्या अनुदानास कोणता दाखला लागतो, याचा माग ती ठेवते. मोबाइलवर पावसाचा अंदाज आला, तर गटातल्या बायकांना ती सांगते की पहिल्या पावसाने भुलू नका, जमीन वीतभर भिजून वाफसा येऊ द्या. एवढ्या एका सबुरीने दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो. बी उगवेल की नाही हे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहण्याची साधी रीत ती दाखवते. बाजाराच्या दिवशी चौघींचा माल एकत्र करून एकीला पाठवते. या सर्वांचा मोबदला म्हणून तिला मानधन मिळालेच, तर ते जेमतेम प्रवासखर्चाला पुरते.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबणे मला आवश्यक वाटते. स्वयंसेवेविषयी आपल्याकडे फार सुंदर बोलले जाते, आणि ते बोलत असता, सेवा करणारीचा दिवसही चोवीस तासांचाच असतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. संवाद सहाय्यक गावात फिरते तेव्हा तिची भाकरी कोण थापते? तिच्या रानातले तण कोण काढते? पुष्कळदा तिची लेक, शाळा बुडवून. जे काम शासनाच्या कृषी विस्तार यंत्रणेने पगार देऊन करावयाचे, ते दुष्काळी मुलखातल्या गरीब बायका विनावेतन करतात, आणि त्यांच्या यशोगाथा मात्र परिषदांतून सांगितल्या जातात, हे मला योग्य वाटत नाही. त्यांची निष्ठा खरी आहे. म्हणूनच तिचा गैरफायदा घेतला जाऊ नये. जी व्यवस्था आशा कार्यकर्तीच्या बाबतीत कामावर आधारित मोबदल्यापर्यंत तरी आली, तिने गावपातळीवरील या शेती-मार्गदर्शक स्त्रियांचे काम हे काम आहे, हे मान्य करून त्यांच्यासाठी नियमित तरतूद करावी.

दुसरीही एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. एका एकरातली बहुविध शेती घराचे पोट सांभाळील, मातीत ओल धरील, विषारी फवारण्या कमी करील. पण शेजारच्या उसाला पाणी देण्यासाठी आठशे फुटांवर गेलेली कूपनलिका तिच्या विहिरीचे पाणी ओढून नेते, ते ती थांबवू शकत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठवण्याची जागा मुळात थोडी; ती कोणी किती रिकामी करावी, याचा निर्णय गावाने आणि राज्याने घ्यावयाचा आहे. आणि जगाचे तापमान वाढविणारा धूर ज्या कारखान्यांतून, वाहनांतून आणि देशांतून आला, त्यांच्या हिशेबात मराठवाड्यातल्या कोरडवाहू बाईचा वाटा नगण्य आहे. ती परिणामांशी झुंजते आहे. कारणांचा बंदोबस्त इतरत्र व्हावयाचा आहे, आणि तिच्या झुंजीचे कौतुक करताना ती जबाबदारी तिच्या पदरात टाकली जाता कामा नये.

राहिला प्रश्न जमिनीच्या नावाचा. महसूल दफ्तरातला सात-बारा हा दोन नमुन्यांचा उतारा आहे: गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, त्यात जमीन कोणाची हे लिहिलेले असते, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, त्यात जमिनीत काय पिकले हे लिहिलेले असते. एक एकर मागणाऱ्या बायकांनी बाराव्या नमुन्यातला मजकूर बदलला: जिथे ‘सोयाबीन’ एवढाच शब्द असे, तिथे आता ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला असे लिहिण्याजोगे पीक उभे आहे. पण सातव्या नमुन्यात बहुतेकींचे नाव नाही. आणि नाव नाही म्हणून पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, गारपिटीची नुकसानभरपाई आली तर ती खातेदाराच्या खात्यात. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत एकूण वहितीधारकांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के निघाल्या. शेतात राबणाऱ्या हातांत त्यांचे प्रमाण याच्या कितीतरी पट आहे, हे कोणत्याही शिवारात उभे राहून पाहता येते.

या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वी पुढाकार घेतला होता, याची आजच्या वाचकास आठवण करून द्यावीशी वाटते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरविले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे फेडावे, हा त्यामागचा विचार. आणि कोणताही कायदा मागे नसता गावेच्या गावे त्यास प्रतिसाद देती झाली. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. देशाने तो २००५ मध्ये दिला. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि ज्या मुलीस १९९४ पासून हक्क आहे ती भावाशी वाकडेपण नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करते, हे प्रत्येक तालुक्याच्या दुय्यम निबंधक कचेरीत रोज घडते.

तथापि पत्नीपुरती एक वाट मोकळी आहे. पतीने स्वतः अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची तरतूद लक्ष्मीमुक्ती याच नावाने महसूल खात्यात अस्तित्वात आहे. अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा, फेरफार नोंदवहीत नोंद व्हावयाची, हितसंबंधितांस नोटीस निघावयाची आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करावयाची. अडचण येते ती अर्ज करण्याजोगा पती तयार होण्यात. आणि तो तयार करण्याची कला, चहा घेत, सासूची चौकशी करीत, वर्षाच्या डाळ-तेलाचा हिशेब मांडीत, या गावांतल्या संवाद सहाय्यकांनी चांगली आत्मसात केली आहे. ज्या पुरुषाने पाच वर्षे बायकोच्या चाळीस गुंठ्यांतली ज्वारी खाल्ली, दुष्काळात तिच्या तुरीवर घर निभावले, त्याच्याकडे हा कागद घेऊन जाणे आता पूर्वीइतके अशक्य राहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्या निमित्ताने महसूल खात्याने तालुक्या-तालुक्यांत या एका नोंदीसाठी शिबिरे भरवावीत, तलाठ्याने त्यासाठी गावात येऊन बसावे, आणि कोणत्या घरी प्रथम जावयाचे याची यादी त्याने संवाद सहाय्यकाकडून घ्यावी.